विश्लेषण : पासपोर्ट काढून घेतला, तरी समुद्राखालच्या केबलमधून गायले! पॉल रोबसन यांचा आवाज नेमका कोणी बंद केला?

एखाद्या गायकाचे गाणे ॲपवरून गायब झाले किंवा त्याचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, तर हे नेमके कोणी केले याचा पत्ता सहसा लागत नाही. आयोजक पोलिसांकडे बोट दाखवतात, पोलीस आयोजकांकडे आणि कंपनी आपल्या धोरणाकडे. पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेत, त्या काळातील सर्वांत लोकप्रिय गायकांपैकी एकाच्या बाबतीत हेच घडले. पॉल रोबसन यांच्या गाण्यावर बंदी घालणारा कायदा कधीच झाला नाही. त्यांना एकाही गुन्ह्यात शिक्षा झाली नाही. तरीही दोन-तीन वर्षांत त्यांच्या रेकॉर्ड दुकानांतून दिसेनाशा झाल्या, सभागृहे मिळेनाशी झाली आणि परदेशात जाऊन गाण्याची वाटही बंद झाली. हे कसे घडले, त्यांनी त्यातून कोणते मार्ग काढले आणि मुंबईचा या कहाणीशी काय संबंध, याचा हा आढावा.

पॉल रोबसन कोण होते?

जन्म ९ एप्रिल १८९८, न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे. वडील विल्यम हे जन्माने गुलाम. वयाच्या पंधराव्या वर्षी ते नॉर्थ कॅरोलिनातील मळ्यातून पळाले आणि पुढे शिकून धर्मोपदेशक झाले. पॉल पाच वर्षांचे असताना घरातल्या शेगडीने कपडे पेटून आईचा मृत्यू झाला. मुलगा हुशार निघाला. शिष्यवृत्ती मिळवून १९१५ मध्ये तो रटगर्स महाविद्यालयात गेला. तिथे प्रवेश मिळालेला तो तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी. सव्वासहा फुटांच्या या मुलाने अमेरिकी फुटबॉलमध्ये १९१७ आणि १९१८ अशी सलग दोन वर्षे देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘ऑल अमेरिकन’ संघात स्थान मिळवले आणि पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषणही केले. संघातील हे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

कोलंबिया विद्यापीठातून १९२३ मध्ये ते वकील झाले. पण ज्या कार्यालयात नोकरी लागली तेथील श्वेतवर्णीय लघुलेखिकेने कृष्णवर्णीय माणसाकडून मजकूर उतरवून घेण्यास नकार दिला. रोबसन यांनी वकिलीच सोडली. रंगभूमीवर छोटी-मोठी कामे सुरू होतीच. पत्नी एस्लांडा यांचा आग्रहही त्यामागे होता. १९ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये पियानोवादक लॉरेन्स ब्राऊन यांच्यासह त्यांनी एक मैफल केली. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर जन्मलेली भक्तिगीते आणि कृष्णवर्णीयांची लोकगीते एवढेच त्या मैफलीत होते. प्रतिष्ठित सभागृहातील गायक म्हणजे इटालियन किंवा जर्मन रचना, असे समीकरण असलेल्या काळात हा प्रयोग नवा होता. तो चालला. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी करार केला आणि तो खर्जातला आवाज घराघरांत पोहोचला.

उद्योगाबद्दलची पहिली चिंता काय होती?

राजकारण नंतर आले. आधी भांडण होते ते आपल्याला कोणत्या भूमिकेत उभे केले जाते याचे.

‘शो बोट’ या संगीतिकेतील ‘ओल मॅन रिव्हर’ हे गाणे जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाईन यांनी रोबसन यांचा आवाज डोळ्यांसमोर ठेवून रचले होते. १९२८ च्या लंडनमधील प्रयोगाने आणि १९३६ च्या चित्रपटाने ते जगभर गेले. पण गाण्यातला माणूस होता नदीकाठी गोण्या वाहणारा, थकलेला आणि नशिबाला शरण गेलेला. शब्दही कृष्णवर्णीयांना हिणवणारे होते. रोबसन यांनी आधी ते हिणवणारे शब्द काढले. पुढे तर शेवटच्या ओळीचा अर्थच फिरवला आणि शरणागतीच्या जागी लढण्याचा निर्धार आणला. संगीतिकेच्या कर्त्यांना हे फारसे आवडले नाही, पण मैफलीत रोबसन आपलेच शब्द गात राहिले.

चित्रपटांत मात्र शब्द बदलण्याची सोय नव्हती. ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ (१९३५) हा ब्रिटिश चित्रपट आफ्रिकी संस्कृतीला न्याय देईल, अशा समजुतीने त्यांनी स्वीकारला. पडद्यावर आला तो ब्रिटिश साम्राज्याचा गौरव आणि त्यात साहेबाचा निष्ठावंत सेवक म्हणून रोबसन. त्यांनी हा चित्रपट जाहीरपणे नाकारला. १९४२ च्या ‘टेल्स ऑफ मॅनहॅटन’मध्ये पुन्हा तोच साचा दिसल्यावर त्यांनी हॉलीवूडच सोडले. मनातला चित्रपट त्यांना मिळाला तो इंग्लंडमध्ये. ‘द प्राउड व्हॅली’ (१९४०) मध्ये ते वेल्समधील कोळसा खाणकामगारांसोबत राहणारा मजूर होते. वेल्सच्या कामगारांशी त्यांचे नाते त्याआधीपासूनचे होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या रस्त्यावर बेरोजगार खाणकामगारांचा गात चाललेला जथा त्यांनी पाहिला आणि ते त्यात सामील झाले. ही ओळख पुढे फार कामी आली.

राजकारणाकडे वळण कसे आले?

लंडनमधल्या बारा वर्षांत रोबसन यांचे जग बदलले. आफ्रिकी वसाहतींतून आलेले विद्यार्थी आणि वसाहतवादविरोधी कार्यकर्ते तिथे भेटले. १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरूंशी मैत्री झाली. एस्लांडा आणि नेहरू यांचा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालला. त्याच वर्षी यादवी युद्ध सुरू असलेल्या स्पेनमध्ये जाऊन रोबसन फॅसिझमविरोधी सैनिकांपुढे गायले. त्याआधी १९३४ मध्ये ते पहिल्यांदा मॉस्कोला गेले होते. तिथे आपल्याला कातडीच्या रंगाशिवाय वागवले गेले, ही भावना त्यांच्या मनात कायमची रुतली. पुढच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ या एका अनुभवात आहे.

महायुद्धाच्या काळात सोव्हिएत रशिया अमेरिकेचा मित्र होता, त्यामुळे हे सगळे चालून गेले. १९३९ मध्ये रेडिओवर त्यांनी गायलेले ‘बॅलड फॉर अमेरिकन्स’ हे तर देशभक्तीचे गीत म्हणून गाजले. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर ‘ऑथेल्लो’ आले आणि २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरचे नाटक त्याआधी आणि त्यानंतरही एवढे सलग चाललेले नाही.

युद्ध संपले आणि वारे फिरले. दक्षिणेत युद्धावरून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचेही झुंडबळी जात होते. सप्टेंबर १९४६ मध्ये रोबसन शिष्टमंडळ घेऊन अध्यक्ष ट्रुमन यांना भेटले आणि झुंडबळींविरोधात केंद्रीय कायद्याची मागणी केली. वेळ योग्य नाही, असे उत्तर मिळाले. (असा कायदा अमेरिकेत झाला तो मार्च २०२२ मध्ये.) १९४७ मध्ये इलिनॉय राज्यातील पिओरिया शहराने त्यांचा कार्यक्रम होऊ दिला नाही. त्याच वर्षी त्यांची कमाई एक लाख डॉलरच्या वर होती. म्हणजे सभागृहांची दारे बंद होऊ लागली तेव्हा मागणी घटलेली नव्हती, हा तपशील महत्त्वाचा आहे.

पीकस्किलला काय घडले?

२० एप्रिल १९४९ रोजी पॅरिसच्या शांतता परिषदेत रोबसन बोलले. वृत्तसंस्थेच्या बातमीतून अमेरिकेत पोहोचले ते असे, की सोव्हिएत रशियाशी युद्ध झाल्यास कृष्णवर्णीय अमेरिकी लढणार नाहीत. त्यांचे प्रत्यक्ष बोलणे यापेक्षा वेगळे होते, शांततेवर भर देणारे होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी दाखवून दिले आहे. पण खुलासा ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यांच्याविरुद्ध साक्षीला बोलावले गेले ते बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत फोडणारे जॅकी रॉबिन्सन यांना. एका कृष्णवर्णीय नायकाकडून दुसऱ्याचा निषेध करवून घ्यायचा, हा त्यामागचा हिशेब. रॉबिन्सन यांनी १९७२ च्या आत्मचरित्रात रोबसन यांच्याविषयी आदर व्यक्त केला, पण तोवर तेवीस वर्षे उलटली होती.

२७ ऑगस्ट १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या उत्तरेला पीकस्किल येथे रोबसन गाणार होते. जमावाने श्रोत्यांवर हल्ला केला आणि मैफल झालीच नाही. आठवड्याने, ४ सप्टेंबरला, ती पुन्हा ठेवली गेली. सुमारे २० हजार लोक आले. कामगार संघटनांच्या सदस्यांनी, ज्यांत महायुद्ध लढून आलेले अनेक जण होते, मैदानाभोवती खांद्याला खांदा लावून कडे केले आणि रोबसन गायले. हल्ला झाला तो परतीच्या वाटेवर. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बस आणि मोटारींवर दगडांचा वर्षाव झाला, १४० हून अधिक लोक जखमी झाले आणि पोलीस पाहत राहिले. त्या दिवशी गायलेले लोकगायक पीट सीगर कुटुंबासह मोटारीत होते. त्यांच्या गाडीत येऊन पडलेले दगड त्यांनी पुढे आपल्या घराच्या धुराड्यात बसवले.

यानंतर देशभरातील त्यांचे ठरलेले ऐंशीहून अधिक कार्यक्रम रद्द झाले.

बंदी नव्हती, मग आवाज बंद कसा झाला?

ही या कहाणीतली सर्वांत आजची वाटणारी बाजू आहे.

सभागृहाच्या व्यवस्थापकाला दंगलीची भीती होती. दुकानदाराला गिऱ्हाईक तुटण्याची होती. रेकॉर्ड कंपनीला दुकानदाराची आणि नभोवाणीला जाहिरातदाराची. मार्च १९५० मध्ये माजी अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात रोबसन येणार, असे जाहीर होताच तक्रारींचे दूरध्वनी सुरू झाले आणि एनबीसीने दुसऱ्याच दिवशी त्यांचा सहभाग रद्द केला. प्रत्येकाने आपापल्यापुरता व्यावहारिक निर्णय घेतला. त्या सगळ्यांची बेरीज बंदीएवढीच झाली. एफबीआयची माणसे मागावर असत आणि त्यांची नुसती चौकशीही एखाद्या आयोजकाचे पाय गार करायला पुरेशी असे. फुटबॉलच्या इतिहासाच्या एका जाडजूड संदर्भग्रंथात १९१८ चा ‘ऑल अमेरिकन’ संघ छापला गेला, त्यात अकराऐवजी दहाच नावे होती.

सरकारने स्वतः केले ते एकच काम. १९५० मध्ये परराष्ट्र खात्याने त्यांचा पासपोर्ट रद्द केला. युरोपात मागणी कायम होती, त्यामुळे मायदेशातील तोटा तिथे भरून निघाला असता. ती वाटच बंद झाली. कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्या, अशी अट घातली गेली. माझे राजकीय मत हा पासपोर्टचा निकष असू शकत नाही, अशी भूमिका घेऊन रोबसन यांनी सही नाकारली. न्यायालयात सरकारी बाजूने जे म्हणणे मांडले गेले ते वाचण्यासारखे आहे. हा माणूस आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी अनेक वर्षे सक्रिय आहे, हेही त्याला देशाबाहेर जाऊ न देण्याचे एक कारण म्हणून नोंदवले गेले होते. वर्षाला लाखभर डॉलर कमावणाऱ्या गायकाची कमाई काही हजारांवर आली.

पासपोर्टशिवाय परदेशात कसे गायले?

अमेरिकी नागरिकाला कॅनडात जायला तेव्हा पासपोर्ट लागत नसे. जानेवारी १९५२ च्या अखेरीस व्हँकुव्हरमधील खाणकामगार संघटनेच्या अधिवेशनासाठी रोबसन निघाले, तर ब्लेन येथील सीमेवर त्यांना अडवण्यात आले. त्यांच्यासाठी खास आदेश होता. ते सिएटलला परतले आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच लांब पल्ल्याच्या दूरध्वनीवरून अधिवेशनासाठी गायले.

इथे थोडे तांत्रिक विषयांतर. साधी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्या वाहून नेते, कारण ती बोलण्यासाठी बनवलेली असते. रोबसन यांच्यासारख्या खर्जातल्या गायकाचे मूळ स्वर १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे लाइनच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. मग ते ऐकू कसे येतात? प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. ते लाइनमधून पार होतात आणि त्यांच्यातील समान अंतरावरून आपला मेंदू गाळलेला मूळ स्वर परत उभा करतो. आवाज पातळ वाटतो, पण उंच होत नाही. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला हे प्रकरण पाच गुणांसाठी वाचले जाते.

कामगार तेवढ्यावर थांबले नाहीत. १८ मे १९५२ रोजी अमेरिका-कॅनडा सीमेवरील पीस आर्च उद्यानात एक उघडा ट्रक आणून उभा केला गेला, अमेरिकेच्या हद्दीत. रोबसन त्यावर चढले आणि गायले. श्रोत्यांतील बहुसंख्य सीमेपलीकडे कॅनडाच्या हिरवळीवर होते. आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण २० हजारांखाली कोणी येत नाही. ध्वनिलहरींना पासपोर्ट लागत नव्हता. पुढची तीन वर्षेही हा सीमेवरचा कार्यक्रम झाला.

रेकॉर्ड कंपन्या दारात उभ्या करत नाहीत म्हटल्यावर मुलगा आणि सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी ऑथेल्लो ही स्वतःची कंपनी काढली. आधी लोकांकडून आगाऊ वर्गणी घ्यायची, त्यातून रेकॉर्ड काढायची आणि टपालाने घरी पाठवायची, अशी पद्धत. आज याला क्राउडफंडिंग म्हणतात. मोठ्या कंपन्यांचे वितरण त्यातून मिळणे शक्य नव्हते, मिळालेही नाही, पण आवाज नोंदवला जात राहिला.

सर्वांत देखणा मार्ग समुद्राखालून गेला. सप्टेंबर १९५६ मध्ये टॅट-१ ही अटलांटिक महासागर ओलांडणारी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. स्कॉटलंड ते न्यूफाउंडलंड, अवघे ३६ संवादमार्ग. समुद्रतळावर एका केबलमध्ये आवाजाला बळ देणारी ५१ प्रवर्धक यंत्रे होती, तीही निर्वात नळ्यांवर चालणारी. २६ मे १९५७ रोजी रोबसन न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसून गायले आणि लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये हजारभर लोकांनी ते ध्वनिवर्धकावर ऐकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेल्सच्या खाणकामगारांनी पोर्थकॉल येथील आपल्या संगीत महोत्सवात हाच प्रयोग केला. सभागृहात सुमारे पाच हजार लोक होते. टॅट-१ मध्ये प्रत्यक्षात दोन केबल होत्या, एक जाण्याची आणि एक येण्याची. त्यामुळे रोबसन यांचे गाणे झाल्यावर खाणकामगारांच्या पुरुष गायकवृंदाने आणि मग अख्ख्या सभागृहाने त्यांच्यासाठी गाऊन उत्तर दिले. या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आवर्जून ऐकावे.

मग त्यांचे काहीच चुकले नाही का?

चुकले, आणि ते टाळून ही कहाणी सांगता येत नाही.

जून १९४९ मध्ये, पीकस्किलच्या दोन महिने आधी, रोबसन मॉस्कोत होते. त्यांचे ज्यू कवी मित्र इत्झिक फेफर तेव्हा तुरुंगात होते. रोबसन यांनी भेटीचा आग्रह धरल्यावर फेफर यांना हॉटेलात आणले गेले. खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रे होती. रोबसन यांच्या मुलाने नंतर सांगितल्यानुसार फेफर तोंडाने इकडचे तिकडचे बोलत राहिले आणि हातवाऱ्यांनी, चिठ्ठ्यांनी खरी परिस्थिती कळवत राहिले. रोबसन यांनी त्या दौऱ्यातील मैफलीत वॉर्सातील ज्यूंच्या उठावाचे गीत यिडिश भाषेत गायले. सगळ्यांना कळेल असा तो इशारा होता. पण अमेरिकेत परतल्यावर रशियात ज्यूंचा छळ होत असल्याचे त्यांनी साफ नाकारले. ऑगस्ट १९५२ मध्ये फेफर यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी रोबसन यांना स्टालिन शांतता पुरस्कार जाहीर झाला आणि तो त्यांनी घेतला. स्टालिन यांच्या मृत्यूनंतर त्यांनी गौरवपर लेखही लिहिला.

आपण बोललो तर मायदेशातील वर्णद्वेष्ट्यांच्या हाती कोलीत मिळेल, असा त्यांचा विचार असावा, असे समर्थन केले जाते. ते समजून घेता येते, मान्य करता येत नाही. एका सरकारने गायकाला गप्प केले, तर दुसऱ्या सरकारसाठी तोच गायक स्वतःहून गप्प राहिला. अर्थात यामुळे पासपोर्ट काढून घेणे योग्य ठरत नाही.

मुंबईचा आणि भारताचा संबंध काय?

भारताशी त्यांचे नातेही सरळ नव्हते. ऑक्टोबर १९४९ मध्ये पंतप्रधान नेहरू पहिल्यांदा अमेरिकेत गेले, तेव्हा रोबसन यांनी या जुन्या मित्राला भेटण्याचे टाळले. भारतात कम्युनिस्टांना तुरुंगात टाकले जात आहे, ही त्यांची तक्रार होती. ती निराधार नव्हती. नेहरूंवर टीका करणाऱ्या कवितेमुळे गीतकार मजरूह सुलतानपुरी त्याच सुमारास मुंबईत तुरुंगात गेले होते. बलराज साहनीही काही काळ आत होते. फरक एवढाच, की मुंबईच्या चित्रपटसृष्टीने मजरूह यांना पुढे काम दिले.

एप्रिल १९५८ मध्ये रोबसन साठ वर्षांचे झाले. पासपोर्ट अजून मिळालेला नव्हता. अनेक देशांत त्यांच्यासाठी कार्यक्रम ठरले आणि भारतातील समारंभ समितीचे अध्यक्षपद स्वीकारले ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी. इंदिरा गांधींचाही सहभाग होता. नेहरूंनी १९४९ चा राग न धरता रोबसन यांचा गौरव करणारे निवेदन काढले. अमेरिकी राजनैतिक अधिकारी अस्वस्थ झाले. हे समारंभ होऊ नयेत किंवा निदान त्यांना मोठी नावे लाभू नयेत, यासाठी त्यांनी छागला यांच्यासह अनेकांकडे प्रयत्न केले. छागला बधले नाहीत. गंमत म्हणजे त्याच वर्षी भारताने अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवले ते याच छागलांना.

आणखी एक धागा ब्रह्मपुत्रेच्या काठी जातो. कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करणारे भूपेन हजारिका न्यूयॉर्कमध्ये रोबसन यांच्या सहवासात आले. ‘ओल मॅन रिव्हर’ त्यांनी आसामात आणले. ‘बिस्तीर्ण पारोरे’ या त्यांच्या असमिया गाण्यात मिसिसिपीची जागा ब्रह्मपुत्रेने घेतली, हिंदीत ती गंगा झाली.

पासपोर्ट परत कसा मिळाला, आणि पुढे काय?

१६ जून १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. नागरिकाच्या राजकीय विचारांवरून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार परराष्ट्र मंत्र्यांना नाही. रोबसन यांचा पासपोर्ट याच निकालाने मोकळा झाला आणि जुलैमध्ये ते लंडनला उतरले. त्याच वर्षी त्यांचे ‘हिअर आय स्टँड’ हे आत्मकथनपर पुस्तक आले होते. न्यूयॉर्कच्या मोठ्या वृत्तपत्रांनी त्याचे परीक्षणच छापले नाही. ते खपले चर्चमधून आणि कामगार संघटनांतून.

१९५९ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, त्यांनी पुन्हा ऑथेल्लो केला. नोव्हेंबर १९६० मध्ये सिडनीत ऑपेरा हाऊसचे बांधकाम सुरू होते. त्या अर्धवट सिमेंटच्या सांगाड्यात ते मजुरांसाठी गायले. म्हणजे त्या जगप्रसिद्ध वास्तूत उद्घाटनाच्या तेरा वर्षे आधीच एक मैफल झाली होती.

पण शरीर आणि मन थकले होते. मार्च १९६१ मध्ये मॉस्कोतील हॉटेलच्या खोलीत त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. नंतर लंडनच्या रुग्णालयात त्यांना विजेच्या झटक्यांचे पन्नासहून अधिक उपचार दिले गेले. १९६३ च्या अखेरीस ते अमेरिकेत परतले. तोवर नागरी हक्क चळवळीने देश ढवळून काढला होता. ज्या मागण्यांसाठी ते ट्रुमन यांच्या दारात गेले होते त्याच मागण्या आता लाखोंच्या मोर्चात घुमत होत्या, पण त्या व्यासपीठावर रोबसन नव्हते. नव्या पिढीतील अनेकांनी त्यांची रेकॉर्ड कधी ऐकलेलीच नव्हती. १९६५ मध्ये एस्लांडा गेल्या. शेवटची वर्षे फिलाडेल्फियात बहिणीच्या घरी गेली. १९७३ मध्ये पंचाहत्तरीनिमित्त कार्नेगी हॉलमध्ये मोठा सोहळा झाला, त्यालाही ते येऊ शकले नाहीत. सभागृहाने ऐकला तो त्यांचा ध्वनिमुद्रित संदेश. २३ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना जागा मिळाली ती १९९५ साली.